गिऱ्हाइकाची मागणी व कारागिराचा शब्द

ज्याचा पैसा त्याचा हुकूम, असे बाजारात बोलतात, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. शिंपी बाही कापतो ती घालणाऱ्याच्या मापाने. सुतार पाट करतो तो बसणाऱ्याच्या सोयीने. येथवर कोणाचा वाद नाही. परंतु समजा, घोंगडी विणणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या दारी व्यापारी येतो, शंभर नगांची मागणी देतो, इसाराची रक्कम पुढे ठेवतो आणि म्हणतो, "ताणा लोकरीचा असू द्या, पण बाण्यात ॲक्रिलिकचे सूत घाला. अंगाला टोचणार नाही, काम लवकर उरकेल आणि भावही परवडेल. नावाची काळजी तुम्ही करू नका; चिठ्ठी मी लावीन." विणकराच्या घरी मुलीच्या शाळेचा खर्च उभा आहे आणि माग दोन महिने रिकामा पडला आहे. ह्या मनुष्याने काय उत्तर द्यावे? आमच्या वाचकांपैकी विणकर थोडेच असतील. तथापि हाताच्या कामावर पोट भरणारे पुष्कळ आहेत, आणि गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, कुंभार ह्या सर्वांपुढे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी येत असतो. त्यास्तव त्याचा थोडा विचार करणे योग्य होय.

प्रथम घोंगडी कशी होते ते पाहू. कारण वस्तू कशी होते हे ज्याला ठाऊक नाही त्याला तिच्यातले खरेखोटे ठरविता येत नाही. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली ती दख्खनी जातीची मेंढी. ह्या जातीच्या ज्या पोटजाती सांगतात त्यांपैकी एकीचे नावच संगमनेरी आहे. तिची लोकर जाड व राठ. वर्षातून बहुधा दोनदा कातरणी होते, आणि एका मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर हाती लागते. ती निवडावी, पिंजावी, घरातील बायांनी चरख्यावर कातावी. ताण्याचे सूत उघड्यावर ताणून त्याला चिंचोक्यांची खळ द्यावी, कुंच्याने ती सारखी करावी, उन्हात वाळवावी. आणि मग खड्ड्यात पाय सोडून बसावयाच्या मागावर सनगराने ती विणावी. रंग बहुधा मेंढीच्या अंगचाच. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते व टोचते. धुण्याने आणि वापराने ती हळूहळू नरम पडते.

ही वस्तू मेंढपाळाच्या गरजेतून झाली. चाऱ्याच्या शोधात कळप घेऊन दूरदूर जाणारा हा मनुष्य पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेई, रात्री तीच अंथरी आणि तीच पांघरी. मऊपणाची त्याला मातब्बरी नव्हती. पाणी लवकर आत येऊ नये, काट्याकुट्यांत फाटू नये, आणि वर्षानुवर्षे टिकावी, एवढेच त्याचे मागणे होते.

आता काळ पालटला आहे. हरियाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटे करण्याचा मोठा धंदा चालतो. त्या स्वस्त मालापुढे हाताच्या घोंगडीचा टिकाव लागणे कठीण. मेंढी मटणासाठी पाळण्याकडे कल वाढला, कमी लोकरीच्या जातींशी तिचा संकर होऊ लागला, आणि कातरलेली लोकर घेणारा कोणी नाही म्हणून कित्येक ठिकाणी ती फेकून दिली जाते. अशा वेळी पुण्यामुंबईकडचे एक नवे गिऱ्हाईक पुढे आले आहे. ते मोबाइलवर चित्र पाहून मागणी करते. त्याला घोंगडी अस्सल हवी; पण ती टोचू नये, तिला मेंढीचा वास येऊ नये, तिच्या काठाला फुले असावीत, आणि ती आठ दिवसांत घरपोच यावी. आम्ही हे थट्टेने लिहीत नाही, किंवा थोडेसे थट्टेने लिहीत असू. पण ह्याच गिऱ्हाइकाच्या पैशावर आज कित्येक माग चालू आहेत, हे विसरून भागणार नाही.

ह्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की, गिऱ्हाईक मागेल ते द्यावे, कारागिराला मत नसते. दुसरे असे की, खऱ्या कारागिराने परंपरेपासून तसूभरही ढळू नये, मग माग मोडला तरी चालेल. हे दुसरे उत्तर ऐकावयास मोठे भारदस्त वाटते. परंतु ते देणारे लोक बहुधा मागावर जेवणारे नसतात. शिवाय ते इतिहासालाही धरून नाही. मेंढपाळाने मागितली तशीच घोंगडी सनगराने विणली. तिची लांबीरुंदी, तिचे वजन, तिचा राठपणा हे सगळे गिऱ्हाइकाच्या गरजेनेच ठरले. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो ती कालच्या गिऱ्हाइकाची मागणी होय.

ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव 2024 साली आपल्या जिल्ह्यास देण्यात आले, त्यांचेच उदाहरण घ्या. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 1725 साली, ह्याच धनगर समाजात, त्यांचा जन्म झाला. पुढे नर्मदेच्या काठी महेश्वर येथे त्यांनी आपली राजधानी केली, तेव्हा बाहेरगावांहून विणकर आणून तेथे वसविले. दरबाराला जे वस्त्र हवे होते ते त्या विणकरांनी विणले, आणि महेश्वरी लुगड्याचा जन्म झाला. जाणते गिऱ्हाईक मिळाले म्हणजे धंदा कसा उभा राहतो, हे त्यावरून दिसते. दुसरे उदाहरण वारली चित्रांचे. आताच्या पालघर जिल्ह्यात वारली स्त्रिया लग्नप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. तो विकावयाचा नसे. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्यासारख्या बाहेरच्या जाणकारांनी कागद पुढे केला, तेव्हा जिव्या सोमा मशे ह्यांनी त्यावर असे काही काढले की 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येणे ही गिऱ्हाइकाची मागणी होती. तिने त्या कलेचे काही गेले, हे खरे. विधीसाठी काढलेला चौक आणि दिवाणखान्यातले चित्र एक नव्हेत. परंतु ती मागणी आली नसती तर 2018 साली वारलेल्या त्या वृद्ध चित्रकाराचा हात जगाला दिसला नसता. सबब, मागणी ही स्वभावतः कारागिराची वैरीण आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

मग सीमा कोठे घालावयाची? आमच्या मते ती अशी आहे: गिऱ्हाइकाला जे डोळ्यांना दिसते व हाताला लागते, त्यात कारागिराने खुशाल वाकावे; जे त्याला दिसत नाही, आणि ज्याविषयी ते केवळ कारागिराच्या शब्दावर विसंबते, त्यात मात्र केसभरही वाकू नये. घोंगडी लहान हवी, लहान विणा. काठाला फुले हवी, घाला. आपल्याला ती आवडत नसतील तर तो आपल्या आवडीचा प्रश्न आहे, आणि आवडीलाच आपण कित्येकदा सचोटी हे मोठे नाव देऊन बसतो. विणकराचा अभिमान व विणकराचा प्रामाणिकपणा ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अभिमान दुखावला तर रात्रभर झोप येत नाही, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही.

मऊपणाचेही तसेच. मऊ घोंगडी मागणे हा गुन्हा नव्हे, आणि ती देण्याचा सरळ मार्ग आमच्या धनगरांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती नरम असते, आणि तिची घोंगडी अंगाला बोचत नाही. पण जावळ थोडे निघते, म्हणून ती घोंगडी महाग पडते. तेव्हा गिऱ्हाइकास पहिले खरे उत्तर हे की, "मऊ हवी तर जावळाची घ्या, आणि तिचे दाम हे." दुसरे खरे उत्तर हे की, "एवढे दाम जमत नसेल तर अर्ध्या ॲक्रिलिकची विणून देतो. मात्र ती अर्ध्या ॲक्रिलिकची आहे." ह्या दोहोंत कसलीही लबाडी नाही. आमच्या मंडळ्यांतील एखादे शास्त्रप्रवीण बंधू येथे मोशेच्या नियमशास्त्राकडे बोट दाखवितील, की तेथे लोकर व ताग मिळून केलेले वस्त्र वर्ज्य सांगितले आहे. त्यांस आमची विनंती की, तो नियम सनगराच्या मागावर आणून बसवू नये. दोन धागे एकत्र विणल्याने कोणी फसत नाही. दोन विणून एक सांगितल्याने मनुष्य फसतो.

पैठणीच्या धंद्याने ह्या बाबतीत आपल्याला एक शब्द शिकविला आहे. येवल्याच्या हातमागावरील पैठणीचा पदर निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणला जातो, म्हणून तो दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीशी सुटे धागे लोंबतात. जाणती स्त्री पदर उलटून पाहते. ज्या घरात हातमागाच्या पैठणीची ऐपत नाही तेथेही लग्न होतेच, आणि त्या घरासाठी बाजारात "सेमी पैठणी" म्हणून हलका माल मिळतो. हा "सेमी" शब्द इंग्रजी आहे, ओबडधोबड आहे, पण आम्हांस तो आवडतो. एका दोन अक्षरी शब्दात दुकानदाराने खरे सांगून टाकले, आणि मुलीच्या अंगावर वस्त्रही चढले. घोंगडीला असा शब्द अजून सापडलेला नाही. ते घोंगडे अद्याप भिजतच पडले आहे.

येथवरचा भाग सोपा होता. कठीण भाग व्यापाऱ्याच्या शेवटच्या वाक्यात आहे: "चिठ्ठी मी लावीन." विणकर खोटे बोलणार नाही, तो फक्त विणणार. व्यापाऱ्याला तर आत काय आहे हे ठाऊकच आहे, तेव्हा त्याचीही फसवणूक नाही. फसणार तो तिसरा मनुष्य, जो ह्या सौद्याच्या वेळी ओसरीवर नाही, ज्याचे नावगाव विणकराला कधी कळणार नाही. मग दोष कोणाचा? कित्येक भले लोक म्हणतील, चिठ्ठी लावणाऱ्याचा. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला आपल्या हातच्या वस्तूविषयी काय सांगितले जाणार आहे हे आधीच ठाऊक आहे, आणि त्या सांगण्याला शोभेल अशीच वस्तू जो मुद्दाम करतो, त्याने ते खोटे आपल्या हातांनी विणले. पिलातानेही पाणी मागवून हात धुतले होते.

पूर्वी गावात हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण तिसरा मनुष्यच नव्हता. कारागीर आणि घेणारा एकाच वेशीच्या आत राहत. खोटी मोट, कच्चे मडके, फसवी वहाण एका हंगामात उघडी पडे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्याची वाच्यता होई. म्हणून त्या बलुत्याच्या व्यवस्थेचा गौरव करावा असे मात्र नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी तिचा जाच सोसला आहे. तिच्यात काम जन्माने ठरे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीने. ती गेली ते बरे झाले. परंतु तिच्याबरोबर समोरासमोरची ओळखही गेली, आणि तिची जागा चिठ्ठीने घेतली, हे खरे.

सरकारने काही बंदोबस्त केला आहे. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला; हातमागाच्या मालाची ओळख पटावी म्हणून 2006 साली एक चिन्हही काढण्यात आले. ही साधने चांगलीच आहेत. पण वस्तू हातमागावर झाली एवढे चिन्ह सांगते. ती विणणाऱ्याने व्यापाऱ्याशी काय ठरविले हे कोणतेही चिन्ह सांगत नाही.

आता भुकेचा विचार. भरल्या पोटी उपदेश करणे सोपे असते, आणि ज्याच्या घरी उसने मागून पीठ आणावे लागते त्याला तत्त्व सांगताना उपदेशकाने आधी स्वतःच्या शिंक्याकडे पाहावे. आमचे म्हणणे असे नाही की, विणकराने व्यापाऱ्याला दारातून घालवावे. त्याने मागणी घ्यावी, आणि एवढेच म्हणावे की, "प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्याला लोकर किती व ॲक्रिलिक किती हे लिहिलेली पट्टी मीच शिवून देईन." व्यापारी भला असेल तर कबूल होईल. भला नसेल तर इसार उचलून दुसऱ्या गावी जाईल, आणि तेथे त्याला विणणारा मिळेलही. अशा वेळी, "तुम्ही खरे वागलात, आता परमेश्वर दुसरी मोठी मागणी पाठवील," असे आम्ही त्या विणकराला सांगणार नाही. पाठवील किंवा न पाठवील. ती शंभर नगांची मजुरी बुडाली, आणि मुलीच्या शाळेचा खर्च तसाच उभा राहिला, हे नुकसान खरे आहे; त्याला गोड बोलून झाकणे हीसुद्धा एक प्रकारची खोटी चिठ्ठीच.

तरीही त्याने तसेच वागावे असे आम्हांस का वाटते? खोटे हे खोटे आहे, हे एक कारण पुरे आहे. पण दुसरेही एक आहे, आणि ते धंद्याच्या आतले आहे. "घोंगडी" हे नाव त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. ते त्याच्या आज्याचे आहे, शेजारच्या तालुक्यातील ज्याला त्याने कधी पाहिले नाही त्या सनगराचे आहे, आणि कातरलेली लोकर पोत्यात भरून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या धनगराचेही आहे. पुण्याच्या बाईने एकदा अस्सल म्हणून घेतलेली घोंगडी कोणी जाणकाराने एक धागा जाळून पाहिली, आणि केस जळाल्याचा वास येण्याऐवजी तो वितळून त्याची कडक गोळी झाली, की ती बाई त्या एका विणकराला दोष देत नाही. त्याचे नाव तर तिला ठाऊकच नाही. ती म्हणते, घोंगड्यांत सगळी फसवणूकच असते. आपले घर विकण्याचा अधिकार मनुष्याला आहे. दहा भावांच्या सामाईक विहिरीचे पाणी त्याला परस्पर विकता येत नाही.

अवजारांविषयी दोन शब्द. हाताचे काम म्हणजे संथच काम, असा एक समज रूढ आहे, आणि वेग वाढविणारी प्रत्येक सुधारणा म्हणजे बाट, असे काहींस वाटते. आमच्या नगरातच अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हातमाग अधिक वेगाने चालावा म्हणून तो सुधारण्यात पुष्कळ श्रम घेतले. विणकराची पाठ कमी दुखावी व दिवसाकाठी दोन हात कापड अधिक निघावे, ह्यात कोणाशी बेइमानी होते? माग बदलला तर बदलू द्या. गिऱ्हाइकाला सांगावयाचे ते खरे सांगितले म्हणजे झाले.

आणखी एक प्रकार राहिला. कित्येकदा गिऱ्हाईक खोटे मागत नाही, वाईट मागते. "हलकी हवी, वीण विरळ ठेवा," असे म्हणते. आणि विणणाऱ्याला कळत असते की, ही दोन धुण्यांत झोळणार. येथे काय करावे? आमच्या मते एकदा सांगावे, न ऐकल्यास दुसऱ्यांदा सांगावे, आणि ती वस्तू त्याच्या स्वतःच्या वापराची असेल तर त्याच्या पैशाने त्याच्या मनासारखी विणून द्यावी. शहाण्या मनुष्याला चूक करण्याचाही हक्क असतो. पण त्या चुकीने दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर नकारच द्यावा. कमी सिमेंटचा स्लॅब मागणाऱ्या घरमालकाला गवंड्याने नाहीच म्हटले पाहिजे, कारण त्या छताखाली मालकाची मुले झोपणार. करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून पौल तंबू करीत असे. त्याच्या पत्रांविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्याच्या शिवणीतून पाणी गळत होते की नाही ह्याविषयी कोणी बोलत नाही. पण त्या तंबूत निजणाऱ्या प्रवाशाला पहिल्या पावसात तेवढेच कळले असेल.

उपदेशक बंधूंनी हा लेख वाचून विणकरांस उपदेश करण्याची घाई करू नये. आपल्यापुढेही गिऱ्हाईक बसलेले असते. मऊ वचन मागणाऱ्या मंडळीला मऊच विणून द्यावयाचे, आणि वर शुद्ध लोकरीची चिठ्ठी लावावयाची, हा मोह आपल्या धंद्यात काही कमी नाही.

शेवटी घेणाऱ्याविषयी. सगळे ओझे विणणाऱ्याच्या खांद्यावर टाकून घेणारा मोकळा होतो, हे न्यायाचे नव्हे. यात्रेत वा प्रदर्शनात हाताच्या घोंगडीपुढे उभे राहून जो तिचा भाव पानिपतच्या ब्लँकेटाशी ताडून पाहतो आणि मग "शेवटचे काय घेणार?" असे विचारतो, त्याने ॲक्रिलिकचा पहिला धागा स्वतःच त्या मागावर टाकलेला असतो. भाव पाडला की विणकर प्रथम कशात काटकसर करील? माग त्याला लागतोच. चिंचोके स्वस्तच आहेत. लोकर कित्येक ठिकाणी फुकटातही मिळते. सर्वांत अधिक वेळ जातो तो कातण्यात, आणि कातणारी असते ती बहुधा घरातली म्हातारी सासू किंवा शेजारची विधवा. तिची मजुरी कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते आणि सौद्याच्या वेळी तिला ओसरीवर कोणी बोलावीत नाही. गिरणीचे तयार सूत घरात आले की माग चालूच राहतो, व्यापारी येतच राहतो. थांबतो तो तिचा चरखा, आणि तो का थांबला हे तिला सांगावयास कोणी येत नाही.